दुसऱ्या बाळंतपणानंतर: नोकरी टिकवावी की नागलीच्या पिठांचा व्यवसाय वाढवावा?

गोदाकाठची
नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कंपनीच्या खरेदी विभागात मी नोकरी करते. मोठी मुलगी चार वर्षांची आहे, धाकटा पाच महिन्यांचा आहे आणि माझी प्रसूती रजा पुढच्या महिन्यात संपते. मुलीसाठी घरी नागलीचे (नाचणीचे) सत्व करत असे, ते शेजारच्या आया मागून नेऊ लागल्या, आणि त्यातून सुरू झालेल्या कामात आता सत्व, मेतकूट, भाजणी आणि खिमटाचे पीठ अशी उत्पादने आहेत. नागली पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून येते. निवडण्या-भाजण्यासाठी दोन ताई अर्धा दिवस येतात. बाकीचे काम मी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी करते.

नोकरीत हातात ३८,००० रुपये येतात. व्यवसायात सगळा खर्च वजा जाता महिन्याला साधारण १८,००० उरतात. दिवाळीच्या सुमारास त्याहून बरेच जास्त, तर पावसाळ्यात वाळवण होत नसल्यामुळे निम्म्याहून कमी. घराच्या कर्जाचा हप्ता यजमानांच्या पगारातून जातो. सासूबाई मुलांना सांभाळतात, पण त्यांचे गुडघे दुखतात आणि दोन लहान मुलांना दिवसभर सांभाळणे आपल्याला झेपणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. घरातल्या सर्वांचे म्हणणे असे की, व्यवसाय केला तर मी मुलांजवळ राहीन. कंपनीत पुढच्या मार्चमध्ये पाच वर्षे पूर्ण होतात. केवळ ३८ हजारांची तुलना १८ हजारांशी करणे मला बरोबर वाटत नाही. पण मग कशाची तुलना कशाशी करावी, हे ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

हिशेबनीस
ताई, प्रश्न आपण नेमका मांडला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दोन्ही आकडे अपुरे आहेत: पगाराचा आकडा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे आणि व्यवसायाचा दिसतो त्यापेक्षा लहान आहे.

आधी पगार पाहू. आपला मूळ पगार २०,००० धरला आणि कंपनी त्यावर पूर्ण बारा टक्के भविष्य निर्वाह निधी भरत असेल, तर २,४०० आपले आणि २,४०० कंपनीचे असे दरमहा ४,८०० रुपये आपल्या नावावर साठतात. त्यातला काही भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या मूळ पगाराएवढी, म्हणजे महिन्याला सुमारे ९६० रुपये होते. कुटुंबाचा आरोग्य विमा स्वतः घ्यायचा झाल्यास महिन्याला किमान दोन हजार धरा. म्हणजे ३८ हजारांची नोकरी प्रत्यक्षात ४५-४६ हजारांची आहे, आणि त्यात भरपगारी रजा अजून धरलेल्या नाहीत. विम्याबाबत एक गोष्ट विशेष पाहावी. कंपनीच्या सामूहिक विम्यात बहुधा जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असते, तर वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. आपल्या सामूहिक विम्यात सासूबाई येतात का, हे आजच विचारून घ्या, कारण गुडघ्यांची शस्त्रक्रिया कधी करावी लागेल हे सांगता येत नाही.

आता व्यवसाय. १८ हजार उरतात म्हणताना आपल्या स्वतःच्या श्रमाचे पैसे त्यातून वजा झालेले नाहीत. येणाऱ्या दोन ताईंना आपण तासाला जे देता, त्याच दराने आपले संध्याकाळचे आणि सुट्टीचे तास मोजा आणि ती रक्कम वजा करा. घराची जागा, गॅस, वीज आणि मिक्सरची झीजही धरा. जे उरेल तोच व्यवसायाचा नफा, बाकीची आपली मजुरी आहे. मजुरी कमावणे यात काहीच कमीपणा नाही, परंतु नोकरी सोडण्याचा निर्णय मजुरीच्या आकड्यावर घेऊ नये. शिवाय वेळ दुप्पट दिला म्हणजे विक्री दुप्पट होते असे नाही. आज मागणी आहे आणि वेळेअभावी आपण नकार देता, अशा मागण्यांची दोन-तीन महिने वहीत नोंद ठेवा. ती वही भरत असेल, तर नोकरी सोडण्याला आधार आहे. ती रिकामी राहिली, तर अडचण वेळेची नसून ग्राहकांची आहे आणि राजीनामा देऊन ती सुटणार नाही.

पावसाळ्याचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. शाळेची फी आणि दुधाचे बिल दरमहा येते, व्यवसायाचे उत्पन्न तसे येत नाही. वाळवणी यंत्र घेतल्यास हा खड्डा बराच भरेल. त्यासाठी मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशू आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर गटातून विनातारण कर्ज मिळते. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे, ती करून ठेवावी. वस्तूंची वार्षिक विक्री ४० लाखांच्या आत आणि राज्यातच असेल तर जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे त्याची चिंता इतक्यात नको.

सातारची लेक
हिशेबाविषयी वरील प्रतिसादात आले आहे, मी फक्त मुलांविषयी लिहिते, कारण मसाल्यांचा व्यवसाय मी घरातूनच करते. व्यवसाय केला तर मुलांजवळ राहशील, हे वाक्य मलाही सर्वांनी ऐकवले होते. मूल आणि आई एका घरात असतात हे खरे, पण भट्टी पेटलेली असताना आणि कुरियरवाला दारात उभा असताना पाच महिन्यांच्या बाळाला कोणीतरी दुसऱ्यानेच घ्यावे लागते. घरी असल्यामुळे पाहुणे, आजारपणे आणि शाळेतली बोलावणी सगळी माझ्याच वाट्याला येतात, कारण मी मोकळी आहे असे गृहीत धरले जाते. म्हणून दोन्ही पर्यायांत पाळणाघराचा किंवा सांभाळणाऱ्या बाईंचा खर्च सारखाच धरावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. तो व्यवसायाच्या बाजूला शून्य धरला, तर सगळा हिशेब चुकतो, आणि तो खर्च मग सासूबाईंच्या गुडघ्यांतून भरला जातो.

नोकरीकडून काय मागता येते, तेही पाहावे. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणे २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा आईला तेथे जाता येते. कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबाबत मालकाशी सहमतीने ठरवता येते. खरेदी विभागातले निम्मे काम संगणकावर आणि दूरध्वनीवर होत असावे, असा माझा अंदाज आहे. तेव्हा आठवड्यातले दोन दिवस तरी लेखी अर्ज करून मागून पाहावेत.

अन्नतंत्र
आपल्या उत्पादनांविषयी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुढच्या वाढीचा अंदाज तिच्यावर अवलंबून आहे. खाद्यपदार्थ घरून विकत असलात तरी अन्नसुरक्षा नोंदणी लागते, हे आपल्याला ठाऊक असेलच. परंतु सत्व आणि खिमटाचे पीठ ‘सहा महिन्यांच्या बाळापासून’ असे लिहून विकत असाल, तर बाब वेगळी होते. सहा महिने ते दोन वर्षे या वयासाठी आईच्या दुधाला पूरक म्हणून बाजारात आणलेले अन्न १९९२ च्या कायद्यानुसार शिशू अन्न ठरते. २००३ च्या दुरुस्तीनंतर त्याची जाहिरात करण्यास मनाई आहे, वेष्टनावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही आणि खपवण्यासाठी मोफत नमुने वाटता येत नाहीत. शिवाय शिशू आहाराची मानके ठरवणारे स्वतंत्र नियम २०२० पासून आहेत, आणि ती पाळणे घरगुती स्वयंपाकघराला सोपे नाही.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. एवढ्या लहान बाळांच्या पोटात जाणाऱ्या पिठात ओलावा राहिला तर बुरशी धरते, आणि नियम कडक आहेत ते त्यामुळेच. माझा सल्ला असा की, मेतकूट, भाजणी आणि मोठ्यांसाठीचे नागलीचे पीठ यांची विक्री वेगळी काढून पाहावी आणि नोकरी सोडण्याचा विचार तेवढ्याच आकड्यावर करावा. नागलीला मोठ्यांमध्येही मागणी आहे, मधुमेह असलेल्या घरांतून भाकरीसाठी पीठ नियमित नेले जाते. ती मागणी बाळ दोन वर्षांचे झाले म्हणून थांबत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे.

पूर्वाश्रमीची गिरगावकर
येथपर्यंतच्या प्रतिसादांचा कल नोकरीकडे झुकलेला दिसतो, म्हणून दुसरी बाजू मांडते. खासगी नोकरीला आपण सुरक्षित म्हणतो, पण खरेदी विभाग दुसऱ्या शहरात हलवण्याचा निर्णय घेताना कंपनी आपल्याला विचारणार नाही. सरकारी नोकरी असती तर मी वेगळे लिहिले असते, कारण राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. नोकरी सोडली तर काही वर्षांनी ती पुन्हा त्याच पगारावर मिळत नाही, हे मान्य आहे. पण वारंवार नकार मिळालेला ग्राहकही दुसरीकडे जातो आणि परत येत नाही, हे हिशेबनीसांच्या वहीत येत नाही.

दुसरे असे की, आपण सर्व जण दोनच वाटा धरून बोलत आहोत. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जतचे काम सुरू केले. भिजवलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून आणून द्यायचे आणि मजुरीशिवाय नफ्यातही वाटेकरी व्हायचे, अशी ती रचना आहे. त्यात मूल घरी आईजवळ राहते आणि विक्रीचा, उधारीचा, मंदीचा धोका एकटीवर पडत नाही. मला खरा प्रश्न हाच वाटतो की, वाईट महिन्याचा भार कोण उचलते. नोकरीत तो मालक उचलतो, एकटीच्या व्यवसायात आपण उचलतो आणि एकत्र काम केल्यास तो वाटला जातो. आपल्याकडे येणाऱ्या दोन ताई आणि परिसरातल्या आणखी काही जणी मिळून बचत गट उभा राहत असेल, तर आपण नोकरीत असतानाही उत्पादन चालू राहील, आणि सगळे काम आपल्या संध्याकाळवर अवलंबून राहणार नाही.

गोदाकाठची
सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री विक्री वेगळी करून पाहिली. बाळांसाठी जाणारे सत्व आणि खिमट निम्म्याहून अधिक आहे, त्यामुळे अन्नतंत्र यांचा मुद्दा माझ्यासाठी निर्णायक ठरला. कामावर रुजू होऊन दोन दिवस घरून काम मागणार आहे आणि दोन्ही ताईंशी गटाविषयी बोलणार आहे. दोन शंका राहिल्या. नोकरीत असताना व्यवसाय माझ्या नावावर ठेवता येईल का, की यजमानांच्या नावावर करावा? आणि मार्चच्या आधी सोडावे लागलेच तर ग्रॅच्युइटीचे काय?

हिशेबनीस
पहिल्यासाठी नेमणूकपत्र वाचावे. अन्य व्यवसाय करू नये अशी अट त्यात असेल, तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी मागावी. पिठांचा व्यवसाय कंपनीच्या कामाशी स्पर्धा करत नसल्यामुळे ती मिळण्यास अडचण येऊ नये. केवळ सोय म्हणून यजमानांच्या नावावर करू नका. तसे केल्यास उद्यम नोंदणी, बँकेचे चालू खाते, विवरणपत्रातले उत्पन्न आणि कर्ज फेडल्याची नोंद सगळे त्यांच्या नावावर जमा होईल, आणि पुढे वाळवणी यंत्रासाठी आपण बँकेत गेलात तर इतक्या वर्षांच्या कामाचा एकही कागद आपल्या नावाचा नसेल.

ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांची सेवा लागते आणि प्रसूती रजेचे २६ आठवडे त्या सेवेत धरले जातात, त्यामुळे रजेमुळे मार्चची तारीख पुढे जात नाही. २०,००० मूळ पगारावर पाच वर्षांचे सुमारे ५७,७०० रुपये होतात, म्हणजे यंत्राच्या भांडवलाचा चांगला भाग त्यातून निघेल. आधीच्या कंपनीतले भविष्य निर्वाह निधीचे खाते अजून वेगळे असेल, तर तेही आत्ताच सध्याच्या खात्यात वर्ग करून घ्या. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि त्यात आधीची वर्षेही मोजली जातात.