माजी सैनिकांना नव्या सवलती द्याव्यात, की आहे तेच आधी धड पोचवावं?

माणदेशी:
आमच्या माण-खटावात फौजी नाही असं गाव सापडणं अवघड, म्हणून विषय काढतोय. दर निवडणुकीला माजी सैनिकांसाठी नवी घोषणा होते. माझं म्हणणं, घोषणा पुरे, आधी कागद हलवा. शेजारच्या काकूंचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ते वारले. डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीत, काकूंचं नाव ‘कमलाबाई’, आधारवर ‘कमल’. तेवढ्यावर फॅमिली पेन्शन अडली. प्रतिज्ञापत्र करा, साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा, कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला जाणार, तिथे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा लष्करी आदेश, निघणार, मग प्रयागराजच्या लष्करी पेन्शन कार्यालयातून दुरुस्त पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. लष्करी पेन्शनचं ऑनलाइन ‘स्पर्श’ पोर्टल आहे, पण काकूंकडे बटणांचा फोन. अशा बाईला नवी सवलत काय कामाची?

करदाता_पुणे:
काकूंचं वाईट वाटलं, पण चित्र एकांगी आहे. शिपाई पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन बाहेर पडतो. वर केंद्राच्या नोकऱ्यांत क गटात 10 आणि ड गटात 20 टक्के जागा राखीव, लष्करी कॅन्टीनचा स्वस्त माल, ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना, घरपट्टी माफ. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या शिक्षकांची जुनी पेन्शन गेली, मार्च 2023 मध्ये त्यांना संपावर जावं लागलं. केंद्राने 2004 मध्ये नवी पेन्शन आणली तेव्हा सैन्यदलांना वगळलं. हा पैसा कुठून येतो हे विचारलं की लगेच देशद्रोही?

निवृत्त_सुभेदार:
देशद्रोही कोणी म्हणत नाही. पण पस्तिशीत घरी यायची हौस जवानाला नसते. लष्कराला तरुण माणसं लागतात म्हणून सरकार पाठवतं. शिक्षक 58 पर्यंत पूर्ण पगार घेतो, आमची पोरं दहावी-बारावीला आली की आमचा पगार निम्म्यावर. राखीव जागा मिळते ती परीक्षा पास होणाऱ्याला. बाकीचे सोसायटीच्या गेटवर नाहीतर एटीएमबाहेर उभे. वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे निवृत्ती कधीही झाली तरी समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन मिळावी म्हणून, 2015 मध्ये म्हाताऱ्या फौजींना जंतरमंतरवर बसावं लागलं. माणदेशी, कागदाचं तुमचं खरं, पण म्हणून सवलती नकोत हे मला पटत नाही.

करदाता_पुणे:
तरुण लष्कराची किंमत पेन्शनने चुकवावी, मान्य. घरपट्टीचा त्याच्याशी संबंध काय? माफी राज्य देतं, उत्पन्न ग्रामपंचायतीचं घटतं. जिथे घरोघरी फौजी, तिथे नळ-दिवाबत्ती कशावर चालवायची?

खटावची_लेक:
पेन्शनवर भांडताय, पण माझ्या भावाला ती नाहीच. तो अग्निवीर आहे, म्हणजे अग्निपथ योजनेतून ठरावीक मुदतीसाठी लागलेला जवान. चार वर्षं, मग फार तर 25 टक्के कायम. बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख एकरकमी, त्याला सेवानिधी म्हणतात. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. करदाता, तुमचा पैसा वाचेल, पण सरावात गुडघा निकामी करून चोविसाव्या वर्षी परतलेल्या पोराचा दवाखाना कोण बघणार, ते सांगा.

करदाता_पुणे:
उपचार सरकारनेच करावेत, आयुष्यभर. त्यावर माझा वाद नाही.

माणदेशी:
सुभेदार साहेब, नोकरीतल्या राखीव जागांना माझा विरोध नाही. घरपट्टीबाबत मात्र मी करदातांच्या बाजूने. माझी मागणी साधी आहे. जवान नोकरीत असतानाच, डिस्चार्जच्या आधी, बायकोमुलांची नावं आणि जन्मतारखा आधारशी ताडून रेकॉर्ड ऑफिसने दुरुस्त कराव्यात. आणि जिल्हा कार्यालयाचा माणूस महिन्यातून एकदा दहिवडीच्या तहसीलमध्ये बसावा. पेन्शन अडलेल्या बाईला साताऱ्याची एसटी धरायला लावू नका.