पुण्याची एमएच-१२ गाडी बेळगावात आणली आहे, केए-२२ नंबरसाठी काय काय करावं लागेल?

टिळकवाडी_पेठ: नमस्कार मंडळी. बिऱ्हाड पुण्याहून कायमचं टिळकवाडीत आलंय. गाडी पेट्रोल, जून २०१९ ची, कर्जाचे हप्ते अजून दीड वर्ष आहेत. सुरुवात कुठून करायची, कर किती बसेल, एजंट लागतोच का? माहीतगारांनी सांगावं.

खानापूर_नाका: सुरुवात पुण्यातून. आधी बँकेकडं जा. कर्ज चालू असताना बँकेच्या संमतीपत्राशिवाय एनओसी (गाडी दुसऱ्या आरटीओकडं न्यायचं ना-हरकत पत्र) निघत नाही. पत्र दोन मूळ प्रतींत मागा, एक पुणे आरटीओच्या नावे, एक बेळगावच्या. एकच घेतलं तर दुसऱ्यासाठी पुन्हा हेलपाटा.

मग ई-चलन बघा. एक्स्प्रेसवेवरचं वेगाचं जुनं चलन मालकाला ठाऊकही नसतं आणि नेमकं त्यावर अर्ज अडकतो. सगळी भरून पावत्या काढून ठेवा.

त्यानंतर परिवहनच्या साइटवर फॉर्म २८, म्हणजे एनओसीचा अर्ज. छापील प्रती तीन-चार काढा आणि प्रत्येकीवर चासी नंबरचा (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) पेन्सिल छाप घ्या. नंबर काही गाड्यांत बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर असतो, काहींत ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली गालिचाची झडप उचलली की दिसतो. रॉकेलच्या बोळ्यानं तेलकटपणा पुसा, कोरडं होऊ द्या, पातळ कागद चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवा. जोर दिला की कागद सरकतो, ३ आणि ८ सारखेच दिसतात. सतराही अक्षरं स्पष्ट उठली पाहिजेत.

एजंट सक्तीचा नाही. पण पुण्याला दोनदा जाणं जमणार नसेल तर तेवढ्या टप्प्यापुरता घ्यायला हरकत नाही.

निपाणी_४८: वरच्यात एक महत्त्वाची भर. एनओसीवर आरटीओ बरोबर लिहून घ्या. जिल्हा बेळगाव म्हणून सगळ्यांचं काम बेळगावात होत नाही. शहर आणि खानापूर केए-२२, निपाणी-चिकोडीकडचे केए-२३ म्हणजे चिकोडी, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९. निपाणीचा पत्ता असून एनओसी बेळगावची काढली तर पुन्हा पुण्याची वाट. तुमचा पत्ता टिळकवाडी, म्हणजे केए-२२.

पत्त्याच्या पुराव्यावर जुनं 'बेळगाव' आणि नवं 'बेळगावी' असा फरक सहसा अडत नाही. अडतं ते नावाचं स्पेलिंग. आरसी आणि आधार अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, नाहीतर आधीच दुरुस्ती करा.

कराचा_हिशोब: कर्नाटकात आजीवन कर एकरकमी आणि गाडीच्या मूळ किमतीवर. नव्या गाडीचे दर: ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाख १४, १० ते २० लाख १७, त्यावर १८. शिवाय कराच्या रकमेवर ११ टक्के उपकर. ८ लाखांची नवी गाडी धरली तर कर १,१२,००० आणि उपकर १२,३२०, मिळून १,२४,३२०. जुन्या गाडीला वयाप्रमाणे यातला ठरावीक टक्काच लागतो, तेव्हा तुमचा आकडा बराच खाली येईल. मूळ बिल सोबत न्या. बिल नसेल तर किंमत कार्यालय धरेल ती.

हे पैसे इथं आधी भरायचे असतात, पुण्यात भरलेल्या कराचा परतावा नंतर. दोन्हींत महिने जातात, म्हणून रोकड तयार ठेवा.

चंदगड_वाट: आमच्याकडचे बरेच जण एमएच-०९ (कोल्हापूर) गाडी घेऊन रोज बेळगावला नोकरीला येतात आणि रात्री परत जातात. त्यांनाही हे लागू का?

खानापूर_नाका: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७: गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त *ठेवली* तर नवा नंबर. रात्री चंदगडला उभी राहणारी गाडी तशी ठेवलेली नव्हे. तरी अडवलं तर दाखवायला गावाकडच्या सर्व्हिसिंगच्या, पेट्रोलच्या पावत्या ठेवा.

टिळकवाडी_पेठ, तुमचे १२ महिने संपल्यावर फॉर्म २७ (नव्या नंबराचा अर्ज) भरायला ३० दिवस आहेत. पण थांबू नका, एनओसीलाच वेळ जातो. कायद्यानं ३० दिवसांत निर्णय आला नाही तर ती दिली असं धरतात, तरी संगणकावर दिसेपर्यंत बेळगावात काम हलत नाही.

बेळगावात गाडी तपासणीला न्यावी लागते. मूळ आरसी, एनओसी, विमा, पीयूसी, फॉर्म २७, पत्त्याचा पुरावा, बँकेचं पत्र.

वडगाव_गॅरेज: नंबर आल्यावरची कामं लोक विसरतात.

एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) नवी लागते. जुनीचे रिवेट एकदाच बसतात, काढताना तुटतात, म्हणून फिटरकडूनच बदला. काचेवरचा स्टिकरही नवा, पेट्रोलला फिकट निळा.

विमा कंपनीकडून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या. विम्याच्या हिशोबात पुणे अ विभागात, बेळगाव ब विभागात, त्यामुळं स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता थोडा कमी होतो.

फास्टॅग बँकेला कळवा. टॅग जुन्या नंबरावर राहिला आणि बंद पडला तर कोगनोळी नाक्यावर जादा टोल. पीयूसीही नव्या नंबराची.

कराचा_हिशोब: परताव्याचा अर्ज पुणे आरटीओला. सोबत नवी आरसी, कर्नाटकच्या कराची पावती, एनओसीची प्रत, महाराष्ट्रात भरलेल्या कराची मूळ पावती, रद्द केलेला चेक. ही मूळ पावती एजंटाला देऊन बसू नका. आत्ताच शोधून फाईलला लावा.

बीएच_माहिती: कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच (भारत मालिका) नंबराचाही विचार करा. कर दोन वर्षांच्या हप्त्यानं, पुढची बदली झाली तर पुन्हा नंबर बदलावा लागत नाही. कायमचे बेळगावात राहणार असाल तर केए-२२च बरा.