कॉमेडी सिनेमातल्या कंटिन्युइटीच्या चुका कशा पकडायच्या?

रिवाइंड_परत
कंटिन्युइटीच्या चुका, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना न जुळणाऱ्या गोष्टी, पकडायचा मला नाद लागलाय आणि आता सुटत नाहीये. काल एक जुनी कॉमेडी परत लावली होती, टेबलाभोवती चौघं कडाकडा भांडतायत असा सीन. हिरोसमोर पाण्याचा ग्लास काठोकाठ, कट, ग्लास अर्धा, कट, परत काठोकाठ, आणि त्याने तो तोंडाला लावलेलाच नाही! पाच-सहा वेळा तरी बघितलाय हा सिनेमा, कधी दिसलंच नव्हतं. कॉमेडीतच अशा चुका जास्त का सापडतात? आणि तुम्ही लोक नेमकं कुठे बघता?

कात्रीवाली
मी एडिटिंग करते, म्हणून ग्लासचं सांगू शकते. सीन आधी मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळे एकत्र दिसतील असा, अख्खा घेतात, मग तोच प्रत्येकाच्या क्लोजअपसाठी पहिल्यापासून, आणि दर टेकला ग्लास परत भरून ठेवतात. कॉमेडीत नटाला ऐनवेळी काहीतरी सुचतं, तो ते बोलून टाकतो आणि हात कुठे होता हे विसरतो. आता टेक ३ मध्ये वाक्य एकदम भारी पडलंय पण ग्लास चुकलाय, टेक ७ मध्ये ग्लास बरोबर पण हसूच येत नाही, तर मी दर वेळी ३ लावणार. हॉलिवूडचे एडिटर वॉल्टर मर्च यांनी चांगला कट कशावर ठरवायचा त्याला टक्के दिलेत, त्यात भावनेला ५१ आणि माणसं-वस्तू जागच्या जागी असण्याला फक्त ४.

अजून एक, बऱ्याचदा नट पाणी खरंच प्यायलेला असतो, पण ज्या वाक्याला प्यायला ते रंगलं नाही म्हणून आम्ही उडवलेलं असतं. वाक्य गेलं, कमी झालेलं पाणी राहिलं.

म्यूट_बटण
माझी पद्धत, आवाज बंद करा. संवाद ऐकू आले की डोळे बोलणाऱ्याच्या तोंडावरच खिळतात. मग बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे बघा, कॉलर, बाही किती दुमडलीय, ओले केस, मागचं घड्याळ, मेणबत्तीची उंची (मेणबत्ती वाढलेली सापडली की काय आनंद होतो!). आणि खांद्यावरून घेतलेला शॉट असेल तर आवाज चालू करून पाठमोऱ्या माणसाचा जबडा बघा, संवाद त्याचा ऐकू येतो आणि जबडा जागचा हलत नाही, कारण आवाज दुसऱ्या टेकचा असतो. हे एकदा दिसायला लागलं की प्रत्येक सिनेमात दिसतं.

चौकट
बूम माइक (लांब दांडीला लावून नटांच्या डोक्यावर धरलेला माइक) दिसला की लगेच चूक म्हणू नका एवढंच माझं म्हणणं. बरेच सिनेमे फिल्मवर उंच चौकटीत शूट व्हायचे आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून दाखवायचे. टीव्हीसाठी ते झाकण काढलं की वर लटकणारा माइक दिसायचा, त्यात कॅमेरामनचा काय दोष?

आणि पाच वेळा बघून दिसलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांचा १९९८ चा प्रयोग आहे, रस्त्यात एकजण पत्ता विचारतो, मधूनच दोघं दार घेऊन जातात आणि त्या दाराआड पत्ता विचारणारा माणूसच बदलतो. १५ पैकी फक्त ७ जणांच्या लक्षात आलं. समोरचा अख्खा माणूस बदलला तिथे ग्लास कुठून दिसणार.

रिवाइंड_परत
कात्रीवाली ताई, आत्ता आवाज बंद करून तोच सीन लावला, चार वेळा. ग्लास अर्धा आहे ना, त्या शॉटमध्ये त्याचा खालचा ओठ ओला चमकतोय! आणि शेजारची बाई हसू दाबतेय, तेही आधीच्या वाक्यात हसण्यासारखं काहीच नसताना. म्हणजे तो खरंच प्यायला होता आणि काहीतरी बोलला होता. काय बोलला असेल हो?