आयटीआय इलेक्ट्रिशियन झालं, अप्रेंटिस महावितरणला करू की चाकणला जाऊ?

सांगलीकर_वायर: नमस्कार मंडळी, इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षं झाली, निकाल पण लागला. महावितरणच्या अप्रेंटिसचा फॉर्म भरलाय पण मधेच चाकणच्या एका कंपनीतनं फोन आला, ट्रेनी म्हणून घेतो, १२ हजार देतो, सर्टिफिकेट पण देतो म्हणतायत. महावितरणला स्टायपेंड कमी. घरचे म्हणतात चाकणला जा. काय करू?

जुना_कॉन्टॅक्टर: भावा 'ट्रेनी' शब्दाला फसू नको, मी फसलोय. वर्षभर पॅनल शॉपमध्ये नुसते वायरींच्या टोकांना लग्स दाबून बसवले, शेवटी हातात काय तर लेटरहेडवर सही-शिक्का. अप्रेंटिसशिप म्हणजे १९६१ च्या कायद्याखालची, सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार नोंदवलेला पाहिजे, मग वर्षानं परीक्षा आणि पास झालास की एनएसी म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं. २०१९ च्या नियमात आयटीआयवाल्याला कमीत कमी महिना ७००० ठरवले होते. एचआरला एवढंच विचार, करार पोर्टलवर टाकणार का? आणि जिल्ह्याच्या बीटीआरआय सेंटरला, म्हणजे अप्रेंटिसचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसला, एक चक्कर मार, फुकट माहिती मिळते.

डीपीवाला: मी महावितरणला केलं. पगाराचं सोड, लाईन कळते. पहिले दोन महिने नुसतं सामान उचललं खरं सांगतो, पण आमचे लाईनमन काका शटडाऊन घेतल्यावर पण डिस्चार्ज रॉड (तार अर्थ करायची दांडी) लावल्याशिवाय तारेला हात लावू द्यायचे नाहीत. कुणाच्या तरी घरचा जनरेटर उलटा करंट टाकतो आणि माणूस पोलवरच जातो. फक्त अप्रेंटिस केली म्हणून तिथंच नोकरी मिळते असं नाही हां, कायद्यात तसं बंधन नाहीये.

मेगर_मॅन: मी उलट सांगेन, करार नोंदवणार असतील तर कंपनीच बरी. स्टार-डेल्टा, व्हीएफडी, पीएलसी ही मोटर नि मशीन कंट्रोलची कामं पोलवर कुठं शिकणार? पण चाकणला रूम आणि मेस धरून १२ हजारातलं किती उरतं ते आधी कागदावर मांड. आणि रेल्वेचं डोक्यात असेल तर परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपची जाहिरात बघत जा, रेल्वेतच अप्रेंटिस केलेल्यांना ग्रुप डी ला २० टक्के जागा राखीव असतात. वय बघ, रेल्वेच्या अप्रेंटिसला साधारण २४ पर्यंत चालतं.

सांगलीकर_वायर: आत्ता एचआरला फोन केला. पोर्टलचं विचारलं तर म्हणे आधी जॉईन व्हा, मग बघू. उद्या बीटीआरआयला जातोय.

जुना_कॉन्टॅक्टर: 'मग बघू' 😂 आम्हाला पण हेच म्हणलेले.