रेझिनचा वॉकर घोट्यात सुटतोय: पिन, गोंद की गरम पाणी?

कोथरूड_मिनीज
नमस्कार मंडळी. टेबलावरच्या युद्धखेळातल्या २८ मिमी मापाच्या सैन्यासाठी दोन पायांचा मोठा वॉकर, म्हणजे चालत्या युद्धयंत्राचं मॉडेल, जोडायला घेतलाय. रेझिनचा आहे, उंची साधारण २४ सेंमी, सगळे भाग मिळून वजन १ किलो १०० ग्रॅम. उजवी नडगी ४ मिमी वाकलेली आली आहे. घोटा सुपरग्लूने चिकटवून रात्रभर ठेवला, पण वर धड ठेवताच सांधा सुटला. रेझिनला काही झालं नाही, गोंदाचा पापुद्राच सोलून आला. शिवाय घोट्याचे पिस्टन वरच्या खाचेपर्यंत पोचत नाहीत. याआधी फक्त वॉरहॅमर खेळातला प्लास्टिकचा वॉकर, इम्पीरियल नाइट, जोडलाय, त्याचं प्लास्टिक सिमेंट इथे काहीच करत नाही. सुरुवात कुठून करू?

खडू_आणि_कानस
गोंद पापुद्र्यासारखा सोलून आला, यातच निदान आहे. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट रिलीज एजंट अजून पृष्ठभागावर आहे. भांड्यांचं लिक्विड टाकलेल्या कोमट पाण्यात सगळे भाग अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने खाचाखोचा घासा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. धुतल्यावर पाणी सलग पसरलं तर भाग स्वच्छ. थेंब गोळा होऊन घरंगळले तर पुन्हा धुवा. इथे आळस केलात तर पुढे प्राइमरही (रंगाआधीचा अस्तराचा थर) असाच सोलून येईल.

प्लास्टिक सिमेंट विसरा. ते पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतं. ओतीव रेझिन बहुतेक पॉलियुरेथेनचं असतं, ते त्यात विरघळत नाही.

नडगीसाठी ६५ ते ७० अंशांचं पाणी घ्या, उकळतं नको. जाड भागाच्या गाभ्यापर्यंत उष्णता जायला वेळ लागतो, म्हणून तीन-चार मिनिटं बुडवा. बाहेर काढून सपाट फरशीच्या तुकड्यावर हलक्या हाताने सरळ करा आणि तसंच दाबून धरून गार पाण्यात घाला. हात लवकर काढलात तर भाग पुन्हा मूळ बाकाकडे जातो. एका फटक्यात चारही मिमी काढू नका, दोन-तीन फेऱ्या करा.

आता घोटा. सुपरग्लू सरळ ओढीला टिकतो, पण आडव्या धक्क्याला तडकतो, आणि चालत्या पोझमध्ये घोट्यावर नेमका आडवा ताण येतो. किलोभराहून जास्त वजन धातूनेच पेललं पाहिजे, गोंदाने फक्त धातू जागेवर धरायचा. घोटा, गुडघा आणि खुबा, तिन्हीकडे ३ मिमीची पितळी सळई घाला, दोन्ही बाजूंना किमान १२ मिमी आत जाईल अशी. भोक आधी १ मिमीने, मग २, शेवटी ३.२ मिमीने पाडा. ड्रिल हळू फिरवा आणि दर दोन-तीन मिमीला बाहेर काढून भुकटी झाडा. वेगात फिरवलं की रेझिन वितळून ड्रिलच्या खाचांत बसतं आणि भोक तिरकं जातं.

समोरासमोरची भोकं जुळवायला एका भोकात १ मिमीच्या तारेचा तुकडा असा ठेवा की जेमतेम अर्धा मिमी डोकं वर राहील. दुसरा भाग जागेवर धरून दाबला की केंद्राची टिकली उमटते. सळईवर कानशीने एक बाजू सपाट करून घ्या. नाहीतर बंद भोकात अडकलेली हवा सळईला बाहेर ढकलते आणि सांध्यात केसाएवढी फट राहते. गोंद दोन भागांचं, सावकाश सुकणारं अराल्डाइट. पाच मिनिटांत सुकणारं नको, कोन नीट करायला सवड मिळत नाही. चोवीस तास वजन ठेवू नका.

गोंद लावण्याआधी सगळा वॉकर नुसत्या सळयांवर उभा करा आणि खुब्याच्या मध्यातून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. तो दोन्ही तळव्यांनी व्यापलेल्या जागेच्या आत पडला पाहिजे. बाहेर गेला तर घोट्याचा कोन बदला. तळव्यातूनही सळई खाली काढून ६ मिमी एमडीएफच्या पायथ्यात घट्ट बसवा.

पिस्टन सर्वांत शेवटी. त्यांची लांबी पोझवर ठरते, म्हणून किटमधले बहुतेकदा कमीच पडतात. दोन्ही टोकं ठेवून मधला दांडा कापा आणि त्या जागी पितळी नळी घाला, हवी तेवढी लांब.

तापलेली_मे_महिना
वरच्याशी सहमत, त्यात एक भर. बारीक आणि लांब भाग, विशेषतः तोफेच्या नळ्या, गरम पाण्याने सरळ केल्या तरी उन्हाळ्यात पुन्हा वाकतात. नागपूरला मे महिन्यात बंद गाडीत खोका राहिला तर एका दुपारीही नळी झुकू शकते. नळी कापून टाका आणि त्याच व्यासाची पितळी किंवा ॲल्युमिनियमची नळी बसवा. पुढचं टोक रेझिनचं राहू द्या, त्यावर बारकावे असतात.

रेषा_मोजणारा
गरम पाण्याला हात घालण्याआधी एक खात्री करा: रेझिन ओतीव आहे की थ्रीडी प्रिंटेड? उजेडात तिरकं धरल्यावर सगळीकडे एकसारख्या बारीक थरांच्या रेषा दिसल्या तर प्रिंट. त्याचं रेझिन बऱ्याचदा ठिसूळ असतं, जोर दिला की तडकतं. पोकळ धड असेल तर आत कच्चं रेझिन साचलेलं असू शकतं, आणि काही आठवड्यांनी शिवणीपाशी भेग पडून ते झिरपतं. ३-४ मिमीची दोन भोकं पाडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतून धुवा आणि आत यूव्ही दिवा दाखवा. हातमोजे हवेतच.

दोन्ही प्रकारांत घासकाम पाण्यातच करा, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, आणि सुकं कापताना एन९५ मास्क लावा. ती भुकटी फार बारीक असते, फुप्फुसात खोलवर जाते.

कोथरूड_मिनीज
थरांच्या रेषा नाहीत, कापल्या जागी हवेचे बुडबुडे दिसतात, म्हणजे ओतीवच. धुतल्यावर पाणी आता पसरतंय. हात बदलते ठेवायचे आहेत, एकेक ९० ग्रॅमचा. ५×२ मिमीचं चुंबक पुरेल का?

खडू_आणि_कानस
ते पुरणार नाही. तोफेचं वजन खांद्यापासून लांब असल्यामुळे हात स्वतःभोवती फिरून खाली लोंबतो. खांद्याच्या मध्यात १०×३ मिमीचं एक चुंबक बसवा, आणि बाजूला ८ मिमी अंतरावर २ मिमीची पितळी खुंटी व तिच्यासाठी भोक. चुंबक ओढून धरतं, खुंटी फिरू देत नाही. चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबकाच्या बाहेरच्या तोंडावर मार्करने खूण करा, उलटं बसलं तर खोदून काढावं लागतं. गरम पाण्याचं काम चुंबकं बसवण्याआधी संपवा, साधी निओडायमियम चुंबकं ८० अंशांपुढे कायमची कमजोर होतात.

बुडबुड्यांसाठी सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर कालवून टाचणीने भरा आणि तासाभरात घासा. दुसऱ्या दिवशी ते रेझिनपेक्षा कडक होतं आणि कानस आजूबाजूचंच खाते.