मांजरा नदीतला तो दात डायनासोरचा नाही

'मांजरेच्या वाळूत सापडतात ते डायनासोरचेच दात', असं कुणीतरी ठामपणे लिहिलंय, ते काही पटत नाही. लातूर-बीडकडचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात दात टिकणार कसा? डायनासोरची हाडं हवीत तर चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला, लाव्ह्याखालच्या, लमेटा नावाच्या जुन्या गाळाच्या थरांत. तिथल्या शेणाच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म अवशेषही मिळालेत. मांजरेच्या गाळात मिळतात ते हत्ती, पाणघोडे वगैरे. डायनासोर संपल्यावर कोट्यवधी वर्षांनी आलेली मंडळी. आणि पाणघोडा होता म्हणजे तेव्हा मांजरेला उन्हाळ्यातही पाणी होतं, आताचं सोडा.

आमच्या मामांकडे असाच एक 'दगड' वाळूच्या ट्रॅक्टरमधून आला होता. कित्येक वर्षं गोठ्याच्या दाराला अडण म्हणून पडून. उचलला की वजनच सांगायचं, हा साधा नाही. वरून पाहिलं तर आडव्या, दाबून बसवलेल्या चकत्या, मध्ये खाचा, एका टोकाला झिजून गुळगुळीत. ही हत्तीच्या दाढेची खूण. मांसाहारी डायनासोरचा दात चपटा, वाकडा आणि कडेला करवतीसारखा दातेरी असतो. हत्तीला आयुष्यभरात जबड्याच्या प्रत्येक बाजूला सहा दाढा येतात, मागून पुढे सरकत. त्यामुळे कितवी दाढ आणि किती झिजली यावरून जनावराचं वय काढता येतं. वाईट एवढंच, की ट्रॅक्टरमधून आलेल्या दाढेचा थर कुठला, हे कायमचं गेलं. मामांना विचारलं तर म्हणाले, 'वाळू कुठली ते ड्रायव्हरला माहीत, मला काय?'