पेन्सिल मुठीत धरणाऱ्या मुलासाठी मदत हवी आहे

सुरंगी:
माझा मुलगा कोयता धरावा तशी पेन्सिल मुठीत धरतो आणि दोन ओळी गिरवल्या की हात दुखतो म्हणून रडू लागतो. बालवाडीतल्या बाईंनी 'पकड सुधारावी' असा शेरा डायरीत तिसऱ्यांदा लिहिला आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तीन प्रकारच्या रबरी ग्रिप आणल्या, पण त्या ओढून काढून तो चावत बसतो. 'थांबा, येईल आपोआप' एवढेच कृपया कोणी सांगू नये. आजपासून काय करता येईल ते नेमके हवे आहे.

खडूफळा:
वय लिहायचे राहून गेले आहे आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. दीड वर्षाचे मूल खडू मुठीतच धरते आणि हात खांद्यापासून हलवते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बोटे टोकाच्या दिशेने उतरतात, चौथ्याच्या आसपास तीन बोटांची पकड दिसू लागते, पण तेव्हाही बोटे ताठ असतात आणि मनगटच हलते. नुसती बोटे हलवून लिहिणे बहुतेकांना पाच ते सात या वयात जमते.

निवृत्त मास्तर:
वय काहीही असो, पाटी आणा. मी फोंडा तालुक्यात आयुष्यभर बालवर्ग शिकवला. पाटीवर पेन्सिल खरखरते, त्यामुळे आपण किती जोर देतो आहोत ते हाताला कळते आणि अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा मुठीत धरून लिहिताच येत नाही, तो बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो.

अबोली:
मास्तर, म्हणजे गुण त्या तुकड्याचा आहे, पाटीचा नव्हे. मेणाचे खडू मोडून दिले तरी हेच घडते. माझ्या भाच्याने पाटीच्या पेन्सिली खाऊन पोट बिघडवून घेतले होते, म्हणून मी पाटी सुचवणार नाही. कागद भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवून त्यावर रंगवायला द्यावे, कारण उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप किंचित मागे झुकते आणि खांद्यालाही काम मिळते.

पेडण्याची वाट:
आमच्या लहानपणी ग्रिप कुठे होत्या? चतुर्थीपूर्वी गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेत बसून चिकणमातीचे उंदीर करायचे, काजूच्या मोसमात बोंडांच्या बिया पिळून काढायच्या, हिवाळ्यात गुंजा वेचून ओवायच्या. आमच्या पिढीचे अक्षर पाहा आणि आजच्या मुलांचे पाहा.

अबोली:
मातीबद्दल दुमत नाही, पण उरलेले दोन्ही उपाय कृपया कोणी करू नयेत. काजूबीच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते आणि गुंजेची बी चावली गेली तर ती प्राणघातक विष ठरू शकते. हे मूल ग्रिपसुद्धा चावते, असे आईने वर लिहिलेच आहे. आमच्याकडे मुलाला नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कडांना मुरड घालायला बसवतात. ती घालताना अंगठा आणि तर्जनी यांखेरीज दुसरे काही चालतच नाही.

मांडवीकाठ:
मुळात बालवाडीत लेखन लादणेच चूक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 प्रमाणे 3 ते 8 वर्षे हा पायाभूत टप्पा आहे आणि त्यात खेळातून शिकणे अपेक्षित आहे. आपण शिक्षण खात्याकडे लेखी तक्रार करावी, मसुदा मी देतो.

सुरंगी:
मला तक्रार करायची नाही, बाई चांगल्या आहेत. वय तीन वर्षे दहा महिने आहे. लेगोचे ठोकळे आणि कुर्त्याची बटणे तो सहज लावतो, त्यामुळे बोटांत ताकद नाही असे मला वाटत नाही. तो बहुधा डाव्या हातात पेन्सिल घेतो, सासूबाई ती काढून उजव्यात देतात आणि मग तो मूठ वळतो. खडू किती लांबीचे मोडावेत?

खडूफळा:
ताई, हे वाक्य पहिल्याच संदेशात हवे होते. आपण ज्या हाताची पकड सुधारू पाहत आहात तो बहुधा त्याचा लिहिण्याचा हातच नाही. आठ दिवस चमचा, खडू, दात घासायचा ब्रश त्याच्या समोर अगदी मधोमध ठेवा आणि तो कोणत्या हाताने उचलतो ते टिपून ठेवा. डावा निघाला तर कागदाचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवावा आणि पेन्सिल टोकापासून तीन-चार सेंटीमीटर वर धरू द्यावी, म्हणजे लिहिलेले त्याला दिसते. तुकडे अडीच सेंटीमीटरच्या आसपासचे पुरेत. पुढे बटणे, कात्री, चमचा यांतही अडचण दिसू लागली तर बालरोगतज्ज्ञांना विचारून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची हातकामे जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्यावे, अन्यथा त्याची गरज दिसत नाही.

निवृत्त मास्तर:
देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते आणि डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळवा ताज्या अक्षरांवरून फिरतो. आम्ही म्हणूनच हात बदलून घेत असू. किती जण त्यामुळे लिहायलाच नाखूश झाले याचा मात्र आम्ही कधी हिशेब ठेवला नाही, हे मान्य करतो.

सुरंगी:
आठ दिवसांची नोंद देते. खडू एकोणीस वेळा डाव्या हाताने उचलला, दोनदा उजव्याने, आणि त्या दोन्ही वेळी डाव्या हातात लाडू होता. तुकडा तो अंगठा आणि तीन बोटे मिळून धरतो आणि काल भिंतीवरच्या कागदावर बराच वेळ रडल्याविना रंगवत होता. सासूबाईंनी खडूपुरते मान्य केले आहे, प्रसाद मात्र उजव्याच हाती हवा. चार बोटे चालतील का, की तीनच हवीत?

खडूफळा:
चालतील. चार बोटांच्या पकडीनेही लेखन व्यवस्थित होते, ती बदलू नका. बाईंना ही नोंद दाखवा आणि वर्गात त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, म्हणजे शेजारच्याच्या उजव्या हाताला त्याचे कोपर लागणार नाही.

निवृत्त मास्तर:
तुकडा मेणाच्या खडूचा होता की पाटीच्या पेन्सिलीचा?

सुरंगी:
मेणाच्या खडूचा, मास्तर.